वेणी काढलेली दुधाची पिशवी

मी दुधाची पिशवी बोलतेय. अर्ध्या लिटरची. माझा एक कोपरा कापलेला आहे आणि पोटावर काळ्या शाईनं काढलेली एक वेणी आहे. ती वेणी नसती तर मला कुणी ओळखलं नसतं आणि मीही आज बोलायला उरले नसते.

जन्माचं फार सांगण्यासारखं नाही. मोठ्या रिळावरून सुटले, यंत्रानं चिमटे काढून कडा बंद केल्या, पोटात गार दूध भरलं. मग टेम्पोत बसून गगनबावड्याच्या वाटेला लागले. आमचं आयुष्य एका दिवसाचं धरलेलं असतं. दूध ओतलं की संपलं. शहरात तरी तसंच असतं म्हणतात.

मी गेले ते घर निराळं होतं. घाटमाथ्यावरच्या एका वाडीत धोंडुबाई आणि तिची सहा वर्षांची नात, अशा दोघीच राहायच्या. नातीचं नाव प्रियदर्शनी. एवढं नाव म्हातारीच्या तोंडात बसेना, म्हणून ती पिऊ म्हणायची. धोंडुबाईचा मुलगा गुंडू इचलकरंजीला मागावर होता. सून संयोगिता तिथंच एका शेडात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. पोरीला त्यांनी आधी जवळच ठेवलं होतं. पण शेडातला कापूस तिच्या छातीत जायचा, दम लागायचा, ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, हिला इथं ठेवू नका. म्हणून ती आजीकडं.

घरात पूर्वी म्हैस होती. एकटीला वैरणपाणी होईना म्हणून धोंडुबाईनं ती विकली. त्यामुळं पोरीसाठी रोज माझ्यासारखी एक पिशवी यायची.

धोंडुबाई पिशवीचा कोपरा करंगळीएवढाच कापायची. दूध ओतून झालं की आत घोटभर पाणी घालून हलवायची आणि ते पांढरट पाणी आपल्या चहात घालायची. मग गरम पाण्यानं पिशवी धुऊन चुलीवरच्या काथ्याच्या दोरीत अडकवायची. त्या गावात चार महिने पाऊस हटत नाही. भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. जे जपायचं ते आमच्या पोटात जायचं. काडेपेटी, मीठ, रेशनकार्ड, पिऊची पुस्तकं. धोंडुबाईच्या नवऱ्याचा एकुलता एक फोटोसुद्धा आमच्यातल्याच एकीच्या पोटात होता.

पहिल्या पहिल्यांदा पिऊ आईसाठी फार रडायची. तेव्हा धोंडुबाईनं तिला सांगितलं होतं, "ही दोरी पिशव्यांनी भरली की तुझी आई येती बघ."

ती थाप नव्हती. दोरी भरायला दोन अडीच महिने लागायचे, आणि संयोगिताला सुट्टीही तेवढ्यानंच मिळायची. पिऊ शाळेतून आली की दप्तर न काढताच वर बघून मोजायची. मी दोरीवर गेले त्या दिवशी तिनं शाळेतल्या बाईंचं, धुऊनही न जाणाऱ्या शाईचं काळं पेन न विचारता आणलं होतं. चुलीपुढं बसून तिनं माझ्या पोटावर वेणी काढली. शेवटाला रिबिनीचं फूलही काढलं.

"कुणाची गं?" धोंडुबाईनं विचारलं.

"माझी. आईनं घातलेली."

धोंडुबाईच्या स्वतःच्या केसांचं आता सांगायला हवं. पांढरे, दाट, कमरेखाली जाणारे केस. उन्हाळ्यात ती रानातून शिकेकाई आणायची. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, वाळलेली जास्वंद असं सगळं कडक उन्हात तापवून उखळात कांडायची आणि जुन्या लुगड्याच्या कापडातून गाळायची. साबणाची वडी तिच्या डोक्याला कधी लागली नव्हती.

त्या वर्षी करवंदाच्या दिवसांत कोल्हापूरहून एक जोडपं फिरायला आलं होतं. भैरवी आणि उन्मेष. ताराबाई पार्कात त्यांचं दुकान होतं. बांबूचे दात घासायचे ब्रश, कागदात बांधलेले साबण, लाकडी कंगवे, असं बिनप्लॅस्टिकचं सगळं. दुकानाचं नाव संस्कृतात होतं. धोंडुबाईला ते कधी नीट म्हणता आलं नाही.

केस बघून भैरवी थांबली. शिकेकाई हातात घेऊन हुंगली. धोंडुबाईला पाठमोरी बसवून तिनं केसांचा फोटो काढला, आणि महिन्याभरात काम सुरू झालं. मांजरपाटाची छोटी पिशवी, सुतळीची गाठ, वर एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर धोंडुबाईची पाठ आणि केस, खाली मोठ्या अक्षरात 'शंभर टक्के प्लॅस्टिकमुक्त'.

"दिवाळीपर्यंत माल नीट आला," भैरवी म्हणाली, "तर पुढं वर्षभर हे काम तुमचंच, आजी."

संयोगिताला हे फोनवर कळलं. तिच्या मागून मागांचा खडखडाट ऐकू येत होता. ती म्हणाली, "आत्ती, दिवाळीपतोर टिकलं तर मी कांड्या सोडतो. तिकडंच येतो. दोघी मिळून कांडू."

त्या दिवसापासून धोंडुबाई जे कांडत होती ते दुकानासाठी नव्हतं, सुनेसाठी होतं. पोरीला आई मिळावी म्हणून.

उन्हाळ्यातला माल चांगला गेला. मग पाऊस लागला. आषाढातला माल कोल्हापूरला पोचेपर्यंत त्याचे गोळे झाले होते, काहींना हिरवी बुरशी आली होती. सगळा माल एसटीनं परत आला. वर भैरवीचा फोन.

"आजी, हे असं चालणार नाही. लोक केसांना लावतात हे."

"ताई, कापडात वलं धरतंयच. गाडग्यात घालून देऊ का? न्हायतर डबा द्या."

"गाडगं फुटतं, डबा जड होतो. आणि फोटोत कापडच छान दिसतं. पूर्वीच्या बायका ठेवायच्याच ना कोरडं?"

"पूर्वीच्या बायका पावसाळ्यात शिकेकाई कांडतच नव्हत्या वो. उन्हात कांडायची, गाडग्यात भरायची, तोंड लिंपून टाकायचं."

"ते तुम्ही बघा. पुन्हा बुरशी आली तर मला दुसरीकडून घ्यावं लागेल."

फोन ठेवून धोंडुबाई चुलीपुढं बसली. काडेपेटी काढली. ती आमच्यातल्याच एकीच्या पोटात होती, आणि तिच्यातली पहिलीच काडी पेटली. धोंडुबाईनं काडीकडं बघितलं आणि मग वर, दोरीकडं.

पिऊ शाळेत गेल्यावर तिनं सगळी दोरी उतरवली. एकेका पिशवीला शिकेकाईच्याच पाण्यानं तीनदा धुतलं, दुधाचा वास राहू नये म्हणून. चुलीच्या उबेवर वाळवलं. आत पूड भरून तोंड दुमडलं, मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवलं, वरून कापडी पिशवी चढवून गाठ मारली. एवढ्या निगुतीनं मला त्याआधी कुणी हाताळलं नव्हतं. मला तिनं बाजूला ठेवलं होतं. पण शेवटी एक पिशवी कमी पडली. तिनं मला उचललं, वेणीवरून अंगठा फिरवला, आणि भरलं.

पिऊ आली, वर बघितलं, आणि दारातच बसली.

"पिशव्या कुठं हाईत?"

"कोल्हापूरला चालल्यात."

"मग आता आई कवा येणार?"

"अगं, त्याच आणाय चालल्यात तिला. तिकडनं आईला घिऊन येत्यात."

हे मी कापडाच्या आतून ऐकलं. म्हातारीचा आवाज अगदी खात्रीचा होता.

मग मी दुकानातल्या लाकडी फळीवर बसले. तिथं छान वास होता, मंद दिवे होते. गिऱ्हाइकं हळू बोलायची. पुठ्ठा वाचून माझ्यावरून हात फिरवायची, "किती साधं, किती खरं" म्हणायची. मागच्या खोलीत माझी भावंडं होती. बांबूचे ब्रश लांबून यायचे ते फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकात गुंडाळून, वर चिकटपट्टीचे वेढे. उन्मेष कात्रीनं ते सोलायचा आणि मागच्या दारानं बाहेर टाकायचा. पुढं यायचे ते ब्रश उघडे, गवताच्या टोपलीत.

भैरवी खूश होती. तिनं धोंडुबाईला फोन केला तेव्हा मी समोरच होते. "आजी, वरून दाबून बघितलं, यावेळी माल एकदम सुटा. काय केलंत?"

"जपून भरला, ताई."

"बघा, मन लावलं की जमतं."

तिनं पुढं काही विचारलं नाही. दिवाळीच्या मालाचं मात्र सांगून टाकलं. आणि संयोगितानं कांड्या सोडल्या. घटस्थापनेच्या आधी ती बोचकं घेऊन वाडीवर आली. पिऊनं तिला मिठी मारायच्या आधी आजीला सांगितलं म्हणे, "पिशव्यांनी आणलं." हे मला पुढं घरी कळलं. बारा दिवस संयोगिता रोज सकाळी पोरीच्या दोन वेण्या घालत होती.

तोवर कुठल्या गिऱ्हाइकानं तक्रार केली नव्हती. बाराव्या दिवशी एकीनं घरी शिकेकाई उघडली. आत दुधाची पिशवी. तिनं फोटो काढून सगळीकडं पाठवला. दुपारपर्यंत भैरवीच्या फोनवर शेकडो माणसं तिला लबाड म्हणत होती. ती आतल्या खोलीत जाऊन रडली, मग तोंड धुतलं आणि वाडीवर फोन लावला. उद्या सकाळी या, एवढंच म्हणाली.

सासूसुना पहिल्या एसटीनं आल्या. दिवाळीचा माल वाढवून हवा असेल, असंच दोघींना वाटत होतं. संयोगितानं नवं पातळ नेसलं होतं.

भैरवीनं फोन पुढं धरला. "हे काय आहे, आजी?"

धोंडुबाईनं फोन डोळ्याजवळ नेला. "आमचीच की पिशवी."

"म्हणजे मान्य आहे तुम्हाला."

"मान्य काय त्यात? मीच घातली. पाणी लागू ने म्हणून."

"पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकमुक्त लिहिलंय."

"मग वर कापडच हाय की. आन ही दुधाची पिशवी हाय, ताई. आमच्यात पंचायतीचा माणूस आलता, त्यानं सांगितलंया. प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद, दुधाची चालती."

उन्मेष हसला. "ऐकलंस? दुधाची चालती."

"हसू नगा साहेब," संयोगिता म्हणाली. "तिला कळलं तसं तिनं केलं. जपाय म्हणून केलं."

"जपून आमचं नाव घालवलं," उन्मेष म्हणाला.

फळीवर आम्ही चौदा जणी उरलो होतो. त्यानं एकेकीला उतरवून कापड काढलं आणि चिकटवलेलं तोंड कात्रीनं कापलं. पूड एका टबात पडत गेली. सगळ्या दुकानात रानाचा वास सुटला. धोंडुबाईनं वाकून चिमूट उचलली, बोटांत चोळली. "एक गोळा न्हाय बघा ताई. कशी सुटी ऱ्हायल्या." कुणी बघितलं नाही.

मग व्हिडिओ काढायला उन्मेषनं फोन एका काठीवर लावला आणि धोंडुबाईला फळीपुढं उभं केलं. तिच्या हातात मला दिलं. मंद उजेडात माझ्यावरची वेणी तिला दिसली, आणि तिनं ती तळहाताखाली झाकली.

"आजी, म्हणा, मी गिऱ्हाइकांना फसवलं. मला माफ करा."

"फसवलं न्हाई वो मी."

"तुम्ही म्हणाला नाहीत तर लोक थांबणार नाहीत," भैरवी म्हणाली. "दुकान बंद पडेल. दुकान बंद तर तुमचं कामही बंद."

धोंडुबाईनं सुनेकडं बघितलं. मग फोनकडं तोंड करून म्हणाली, "मी फसवलं. पाणी लागू ने म्हणून पिशवी घातली, तर..."

"कारण नको, आजी," उन्मेषनं थांबवलं. "कारण दिलं की माफी वाटत नाही. पुन्हा."

दुसऱ्यांदा ती चुकून हसली. परक्या माणसापुढं ती नेहमीच हसायची. उन्मेष म्हणाला, हसू नका. तिसऱ्यांदा तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "मी तुमाला फसवलं. मला माफ करा." आवाज बारीक होता, पण स्पष्ट. उन्मेषनं अंगठा वर केला.

धोंडुबाईनं विचारलं, "आता दिवाळीचा माल कवा धाडू?"

भैरवी म्हणाली, "आजी, असं झाल्यावर कसं शक्य आहे?"

"तुमी म्हनला न्हवं, म्हटलं की काम ऱ्हाईल?"

"मी दुकान राहील म्हणाले."

संयोगिता तेवढ्यात मागच्या खोलीच्या दारात गेली होती. तिनं फुग्यांचं प्लॅस्टिक हातात धरून वर केलं. "मग ह्ये काय हाय?"

"ते वाहतुकीचं आहे. गिऱ्हाइकाच्या हातात जात नाही."

"आमचं हातात गेलं म्हणून आमी चोर व्हय?"

उन्मेष आमच्या बाकीच्या तेराजणींना कचऱ्याच्या डब्यात दाबत होता. धोंडुबाईनं मला घट्ट धरलं. "ही एवढी नेतो. पोरीची हाय."

"न्या की," तो म्हणाला. "आम्हाला काय करायची?"

एसटी स्टँडवर संयोगितानं इचलकरंजीला फोन लावला. तिची जागा भरली होती. दुसऱ्या एका शेडात एक जागा होती, तीही आज संध्याकाळपर्यंत हजर झाली तर. ती फोन हातात धरून उभी राहिली. इचलकरंजीची गाडी लागलेली होती.

"पिऊला काय सांगू?" धोंडुबाईनं विचारलं.

"आत्ती, तिची एकच येणी घातल्या." सकाळी गाडी चुकेल म्हणून ती निम्म्यातच उठली होती. "दुसरी आल्यावर घालतो म्हणून सांगून आलोय."

एवढं बोलून ती गाडीत चढली. खिडकीतून मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर ती उतरली असती, असं मला वाटतं.

मी धोंडुबाईच्या कमरेच्या पिशवीत बसून घरी आले. वाडीच्या थांब्यावर शेजारणीचा हात सोडून पिऊ पुढं आली. डोक्याची एक बाजू विंचरून घट्ट वेणी, रिबीन बांधलेली. दुसऱ्या बाजूचे केस मोकळे, परतीच्या पावसानं गालाला चिकटलेले. एसटीतून आजी उतरली. पिऊ दाराकडं बघत राहिली. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली.

घरी आल्यावर धोंडुबाईनं मला बाहेर काढलं. पिऊनं वेणी ओळखली.

"ही परत आली," ती म्हणाली. "मग आई का न्हाई आली?"

"येती की."

"तू म्हणलीस, पिशव्या आणत्यात. तू त्या कोल्हापूरला धाडल्यास. आन आई गेली." तिनं फार आवाज केला नाही. "तू धाडल्यास म्हणून गेली."

धोंडुबाई फणी घेऊन तिची दुसरी वेणी घालायला बसली. पिऊनं डोकं बाजूला घेतलं. "आई घालंल." तीन दिवस ती तशीच शाळेत गेली. पोरं हसली. आईनं घातलेली वेणीही चौथ्या दिवशी आपोआप सुटली, तेव्हा कुठं तिनं आजीला केसांना हात लावू दिला.

तो व्हिडिओ खूप लोकांनी बघितला. भैरवी किती प्रामाणिक, असं लोकांनी लिहिलं. दुकान पहिल्यापेक्षा जोरात चाललं. आता तिथं यंत्रावर दळलेली शिकेकाई पत्र्याच्या गोल डबीत मिळते. डबीवर धोंडुबाईचाच फोटो आहे. पाठमोरा आहे, तोंड दिसत नाही, म्हणून चालतो. संयोगितानं तो कुणाच्या तरी फोनवर बघितला आणि घरी सांगितलं. धोंडुबाई म्हणाली, "डबी दिली का शेवटी? मी तेच म्हणत हुतो." मग उखळावर गोणपाट टाकलं. त्यानंतर तिनं कांडलं नाही. स्वतःच्या डोक्यापुरतंसुद्धा.

तुम्ही प्लॅस्टिक सोडा. मला माझ्या जातीची बाजू घ्यायची नाही. आम्ही कुजत नाही, जळलो तर विष सोडतो, जनावराच्या पोटात गेलो तर त्याचा जीव घेतो. आम्हाला सोडायलाच हवं. पण सोडताना एवढं विचारा की पाऊस कुणाच्या घरात पडतोय. तुमच्या न्हाणीघरात दिसायला सुंदर आणि स्वच्छ असं जे काही येतं, ते कोरडं ठेवायचं काम कुणावर टाकलंय, आणि तिला त्यासाठी साधा डबा तरी दिलाय का, हे विचारा.

मी आता परत दोरीवर आहे. एकटी. रोज दुधाची नवी पिशवी येते, पण पिऊ ती टांगू देत नाही. धोंडुबाईनं एकदा धुतलेली पिशवी दोरीत अडकवली तर पिऊनं चुलीच्या कट्ट्यावर चढून ती काढली आणि बाहेर नेऊन टाकली.

"का गं? टांगू दे की. दोरी भरंल."

"नगं."

"आईला यायचंय न्हवं?"

पिऊनं माझ्याकडं बघितलं, मग रिकाम्या दोरीकडं.

"भरली आन आई न्हाई आली तर?"

माझी शाई अजून गेलेली नाही. पिऊ रोज शाळेतून येते, दप्तर न काढता वर बघते आणि मोजते. एक.